किती फुटांवर

कुपवाडहून घरी पोचायला साडेसात होतात.
तोवर ही दोघं दिवस मावळायच्या आत जेवून,
चूळ भरून मोकळी.
माझं ताट झाकलेलं असतं.
आई समोर बसते, स्वतः आता पाणीसुद्धा घेणार नाही,
पण माझ्या चपात्या मोजते.

आणि बाहेरच्या खोलीतून आण्णा विचारतात,
"आयर्विनला किती?"

ऐन एप्रिलात, नदी घोट्याइतकी असताना.
मी सांगायची, "त्रेपन्न."
दहा हजाराला एक फूट.
हा हिशेब त्यांनीच लावला, वसुलीवाल्याचा फोन
चुकून त्यांनी उचलला त्या दुपारी.
मार्केट यार्डात रुमालाखाली बोटं दाबून
हळदीचे सौदे होताना पाहिलेला माणूस,
लेकीचा आकडा उघड कसा विचारणार.

मी आले तेव्हा सत्तावन्न होतं,
एकोणीसच्या पुराएवढं.
म्हणाले, "मग ठीक आहे. तेवढं पाणी बघितलंय आपण."

पुण्यात केकचं दुकान होतं माझं, बावीस महिने.
ओव्हन गेला, फ्रीज गेला, काचेचं कपाट कुणी घेईना.
उरली तीन कार्डं, एक पर्सनल लोन
आणि मैत्रिणीचे चाळीस हजार.
त्यांना व्याज नव्हतं,
म्हणून तेच जास्त टोचायचे.

शिलाई मशीनच्या खोलीत मशीनला धरूनच झोपायचं,
पाय तिरके करून, चौतिसाव्या वर्षी.
फोनवर बोलायचं तर गच्चीवर.
गच्चीवर मगदूमबाई, दोन टॉवेल काढायला अर्धा तास.
"सुट्टी संपली नाही का गं, सुप्रभा?"
"मोठी काढलीय, काकू."

पहिल्या पगाराला आईपुढं तीन हजार ठेवले.
नको म्हणेल, मग मी आग्रह करीन,
असं सगळं मनात बसवून ठेवलं होतं.
तिनं मोजून घेतले.
एक नोट उजेडात धरून बघितली.
वहीत लिहिलं: खानावळ, सुप्रभा.
मग म्हणाली, "आता आमटीत मीठ कमी असलं तर सांगत जा."

एकदा बूट मागवले, अडीच हजारांचे.
खोकं आण्णांनी फ्रीजवर ठेवलं, काही बोलले नाहीत.
रात्री विचारलं, "वाढलं?"
"पाव फूट."
"कुणी सोडलं?"
"मीच."
"सोडायच्या आधी काठच्यांना कळवायचं असतं," म्हणाले,
आणि कूस बदलली.
बूट परत पाठवले नाहीत मी. अजून घालते.

पंचेचाळीसच्या खाली आलं तेव्हा त्यांनी
पावशेर भडंग आणलं, कशासाठी ते न सांगता.
चाळीसला नुसती मान हलली.
तिथून पुढं इंचाइंचानं.
मैत्रिणीचे संपले त्या दिवशी तिला फोन लावला,
आणि दोघी भलतंच काहीतरी बोलत बसलो,
तिच्या मांजराबद्दल.

तीन वर्षं, आठ महिने.
गेल्या मंगळवारी शेवटचा हप्ता गेला.
ताटावर बसले. बाहेरून प्रश्न आला.
"पात्रात," म्हटलं.

बराच वेळ पंख्याचाच आवाज.
आईनं न विचारता चौथी चपाती वाढली.
मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.
पाणी उतरलं तरी चिखल असतोच,
अनोळखी नंबर वाजला की अजून
हातातला घास हातात राहतो.

काल परत, त्याच वेळेला,
"कोयनेत किती?"

क्षणभर कळलंच नाही.
मग पतसंस्थेतली ती आरडी आठवली,
महिन्याला पाचशे, दोनच हप्ते भरलेले.
"मृतसाठा," म्हटलं.
"असू दे. जून यायचाय."

आईनं वहीतून मान वर केली नाही.
"पुढच्या महिन्यापासून साडेतीन हजार," म्हणाली.
"गॅस वाढलाय."